चाहत्याचा शोक : महंमद रफी ह्यांच्या निमित्ताने एक विचार

१

मृत्यूच्या शोकातून जन्मणाऱ्या वाङ्मयाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन नात्यांचा आधार घेते. पहिले नाते रक्ताचे किंवा संसाराचे. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गातील अजाचा आणि 'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गातील रतीचा विलाप ह्या वर्गात मोडतो. दुसरे नाते सहवासाचे, स्नेहाचे. ज्ञानदेवांच्या समाधीप्रसंगाचे नामदेवांच्या गाथेतील अभंग हे त्याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण होय. दोन्ही ठिकाणी शोक करणाऱ्याने गेलेल्या व्यक्तीला पाहिलेले असते, तिच्याशी तो बोललेला असतो, आणि म्हणून त्याच्या शोकाचा अधिकार आपण निःशंकपणे मान्य करतो.

परंतु गेल्या शंभर वर्षांत, तबकडी, आकाशवाणी आणि बोलपट ह्यांच्या प्रसारामुळे, एक तिसरे नाते उदयास आले आहे. ते चाहत्याचे. चाहत्याने गायकाला प्रत्यक्ष पाहिलेले नसते. पाहिलेच असले तर दुरून, गर्दीतून. गायकाला तर चाहत्याचे नावही ठाऊक नसते. तरीही गायक गेल्याची वार्ता येताच हा अपरिचित मनुष्य घरातले माणूस गेल्याप्रमाणे व्याकुळ होतो. ह्या व्याकुळतेकडे विद्वानांनी आजवर कौतुकाने तरी पाहिले आहे किंवा उपहासाने तरी. तिचा वाङ्मयीन विचार क्वचितच झाला आहे. हा शोक खरा मानावयाचा की उसना? आणि खरा मानला तर चाहत्याने नेमके काय गमावले? ज्या स्वरावर त्याचे प्रेम होते तो स्वर तर तबकडीवर होता तसाच शिल्लक आहे. ह्या दोन प्रश्नांचा विचार पार्श्वगायक महंमद रफी ह्यांच्या निधनाच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रफींची निवड करण्यास दोन कारणे आहेत. एक, स्वतः रफींच्या गायनात शोकगीतांचे स्थान असाधारण आहे. त्यामुळे ह्या एका उदाहरणात शोक करणारा आणि ज्याचा शोक करावयाचा तो, असे दोघेही भेटतात. दुसरे कारण स्थानिक आहे. भिवंडीच्या कामतघर भागातून ह्या विषयाकडे पाहणाऱ्यास त्याची एक सामाजिक बाजूही दिसते. तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

२

महंमद रफी ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १९२४ रोजी अमृतसर जिल्ह्यातील कोटला सुलतानसिंग ह्या खेड्यात झाला. पुढे कुटुंब लाहोरास गेले आणि १९४४ साली रफी मुंबईस आले. ३१ जुलै १९८० रोजी, गुरुवारी रात्री, हृदयविकाराने त्यांचे मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचावन्न होते. रमजानचा महिना चालू होता आणि मुंबईत पावसाळा ऐन भरात होता. भर पावसात निघालेल्या त्यांच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले, आणि जुहूच्या मुस्लिम दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

ह्या हजारोंपैकी बहुतेकांनी रफींना ओळखले होते ते केवळ कानांनी. पार्श्वगायन ह्या कलेचे स्वरूपच तसे आहे. पडद्यावर ओठ हलतात ते दुसऱ्याचे. स्वर येतो तो न दिसणाऱ्या देहातून. एकच स्वर गुरुदत्तांच्या विषण्ण मुद्रेला, शम्मी कपूरांच्या उसळत्या अंगविक्षेपांना आणि जॉनी वॉकरांच्या मिस्किलपणाला शोभून दिसतो. नाट्यसंगीताच्या रसिकाचा अनुभव ह्याहून निराळा होता. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व निवर्तले तेव्हा ज्यांनी हळहळ केली त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची भूमिका, त्यांचे वस्त्र, त्यांची चाल उभी होती. रफींच्या चाहत्यापुढे असे एक रूप नव्हते. त्याच्या दृष्टीने गायक हा आरंभापासूनच देहावेगळा स्वर होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

३

रफींनी गायिलेल्या शोकगीतांकडे कालक्रमाने पाहिले असता त्यांतील 'मी' हळूहळू जागा बदलतो, असे दिसून येते.

पहिले गीत १९४८ सालचे. महात्मा गांधींच्या हत्येनंतर राजेंद्र कृष्ण ह्यांनी बापूंची जीवनकथा पद्यबद्ध केली, हुस्नलाल-भगतराम ह्यांनी तिला चाल दिली आणि तेविशीतील रफींनी ती गायिली. ह्या दीर्घ रचनेने त्यांचे नाव देशभर पोहोचविले. तिची घाटणी आपल्या पोवाड्याच्या जवळची आहे. गायक जमलेल्या समुदायाला हाक देतो आणि एका थोर पुरुषाचे चरित्र प्रसंगाप्रसंगाने सांगत जातो. येथे मृत व्यक्ती कथेचा विषय आहे आणि गायक शोक करणाऱ्यांचा प्रवक्ता आहे. दोघांमधील अंतर स्पष्ट आहे.

दुसरे गीत 'प्यासा' (१९५७) ह्या चित्रपटाच्या शेवटाकडील. साहिर लुधियानवी ह्यांचे शब्द, सचिनदेव बर्मन ह्यांचे संगीत. कवी विजय मेला असे समजून त्याच्या कवितांचा बाजार मांडला जातो, त्याच्या स्मृत्यर्थ मोठी सभा भरते, आणि तो जिवंत कवी सभागृहाच्या दारात उभा राहून गाऊ लागतो. हयात असताना ज्यांनी त्याला दारातून हाकलले तेच आता गहिवर आणून भाषणे करीत आहेत. सार्वजनिक शोकाच्या खोटेपणावर हिंदी चित्रपटाने केलेली ही सर्वांत कठोर टीका होय. येथे ज्याचा शोक चालला आहे तोच बोलतो. पण तो जिवंत आहे, आणि आपल्या शोकसभेचा धिक्कार करण्यासाठी बोलतो.

तिसऱ्या पायरीवर दोन गीते येतात. दोन्ही कैफी आझमी ह्यांची, दोन्हींचे संगीत मदनमोहन ह्यांचे. 'हकीकत' (१९६४) ह्या १९६२च्या चीन-युद्धावरील चित्रपटात रणांगणी पडलेले सैनिक मागे राहणाऱ्या सोबत्यांचा निरोप घेतात. 'नौनिहाल' (१९६७) ह्या चित्रपटात पंडित नेहरूंच्या अंत्ययात्रेच्या दृश्यांवर रफींचा स्वर ऐकू येतो, आणि त्या स्वरात बोलतात ते स्वतः नेहरू. आता गायक मृताविषयी गात नाही, मृताच्या वतीने गातो. शोक करणाऱ्याला मृतानेच धीर द्यावा, अशी ही योजना आहे.

ह्या क्रमाचे महत्त्व १९८० नंतर प्रकट झाले. 'नौनिहाल'मधील गीताचा एकही शब्द बदलला नाही, एकही सूर हलला नाही. तथापि ३१ जुलैनंतर ते ऐकणाऱ्यास त्यातील 'मी' नेहरूंचा वाटेनासा झाला. माझा आवाज ऐका, असे सांगणारा मनुष्य आता साक्षात ज्याचा आवाज तोच होता. लिखित काव्याच्या बाबतीत असे परिवर्तन पूर्णांशाने घडत नाही. कवी मेल्यावर त्याची ओळ वाचणारा स्वतःच्याच मनातल्या आवाजात ती वाचतो. ध्वनिमुद्रित गीतात मात्र मृताचा श्वास, त्याचा उच्चार, शब्द सोडतानाची त्याची लकब ही सारी हजर असतात. म्हणून चाहत्याच्या शोकाचे पहिले लक्षण असे सांगता येईल, की त्यात ज्याचा शोक करावयाचा त्याच्याच स्वरात शोक व्यक्त होतो. आप्ताच्या किंवा शिष्याच्या शोकाला ही सोय नाही. नामदेवांना ज्ञानदेवांसाठी स्वतःच गावे लागले.

ह्याच दृष्टीने 'आस पास' (१९८१) ह्या चित्रपटातील आनंद बक्षी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्यांच्या गीताकडे पाहावे. निधनापूर्वी थोडेच दिवस रफींनी ते ध्वनिमुद्रित केले आणि चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. संध्याकाळच्या उदासीत जवळपास कुठेतरी असणाऱ्या मित्राला उद्देशून केलेली ती एक साधी रचना आहे. काव्य म्हणून तिला 'प्यासा'तील गीताच्या पंक्तीस कोणी बसविणार नाही. परंतु चाहत्यांच्या मनात तिला अंत्यगीताचे स्थान लाभले. हे स्थान तिला कवीने दिलेले नाही, संगीतकारानेही दिलेले नाही. ते एका तारखेने दिले. कृतीचा अर्थ कृतीतच संपतो असे मानणाऱ्या समीक्षेला ह्या गीताने अडचणीत टाकले आहे, आणि ती अडचण प्रामाणिकपणे मान्य करणे इष्ट.

४

आता चाहत्याने गमावले काय, ह्या प्रश्नाकडे वळू.

भरतमुनींनी शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस, असा भेद केला. शोक प्रत्यक्ष जीवनातला, करुण नाट्यातला. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या उपपत्तीप्रमाणे कलेतील भाव हा कोणा एकाचा राहत नाही, तो सर्वांचा होतो. चाहत्याचा शोक ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. मृत्यू खरा आहे, नाट्यातला नव्हे. म्हणून तो शोक. परंतु मृताशी असलेले नाते कलेतून आलेले आहे आणि ते हजारोंचे सारखेच आहे. म्हणून त्यावर करुणाची छाया पडलेली आहे. आप्ताचा शोक आधी एकट्याचा असतो आणि काव्यातून सर्वांचा होतो. चाहत्याचा शोक जन्मतःच सर्वांचा असतो, आणि तो आपला एकट्याचा कसा करावा हीच त्याची अडचण असते.

न. चिं. केळकर ह्यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, हे त्या कल्पनेचे सार. रफींचे गाणे गुणगुणणारा मनुष्य आपण रफी नाही हे पुरते जाणतो. तरी त्याचे प्रेम, त्याचा विरह, त्याची थट्टा ह्यांना त्याने पहिल्यांदा शब्द दिले ते रफींच्या स्वरात. आपल्या मनातले बोलणे ज्याच्या आवाजात आपण ऐकत आलो तो आवाज उद्यापासून नवे काही बोलणार नाही, ही जाणीव म्हणजे चाहत्याचे नुकसान. ध्वनिमुद्रिकेने भूतकाळ सुरक्षित ठेवला. भविष्यकाळ तिला ठेवता आला नाही. पुढचे गाणे गेले. आणि ज्या वयात पुढच्या गाण्याची वाट पाहावयाची, ते आपले वयही त्याबरोबर गेले.

ह्या अर्थाने चाहत्याचा शोक खरा आहे. 'रसिक' आणि 'चाहता' ह्या दोन शब्दांतील अंतरही येथेच आहे. रसिक गुणदोष पाहतो, तुलना करतो, आणि एका गायकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. चाहता हलत नाही. हे न हलणे समीक्षेच्या दृष्टीने दोष असेल. शोकाच्या दृष्टीने तेच त्याचे बळ होय.

५

शोक व्यक्त होण्याच्या ज्या रीती पुढील काळात दिसल्या त्या सर्व सारख्या योग्यतेच्या नाहीत. त्यांत तारतम्य करणे हे समीक्षेचे काम आहे.

पहिली रीत अनुकरणाची. १९८० नंतर चित्रपटसृष्टीने रफींच्या स्वराशी साम्य असणारे स्वर शोधले. शब्बीर कुमार आणि महंमद अझीझ ह्यांना त्या दशकात जी मागणी आली तिचे एक कारण हे साम्य होते. 'क्रोध' (१९९०) ह्या चित्रपटासाठी आनंद बक्षी ह्यांनी रफींच्या आठवणीचे गीतच लिहिले आणि ते महंमद अझीझ ह्यांनी गायिले. पुढे सोनू निगम ह्यांची ओळख लोकांना प्रथम झाली ती रफींची गीते पुन्हा गाणारा तरुण म्हणून. अनुकरणाला सरसकट हीन लेखणे योग्य नव्हे. खुद्द रफींनी बालपणी गावात फिरणाऱ्या एका फकिराच्या गाण्याची नक्कल करता करता गळा कमावला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आणि 'शाहजहान' (१९४६) ह्या चित्रपटात सैगलांच्या गीतात लहानशी साथ करण्याची संधी त्यांना मिळाली होती. सैगल गेल्यानंतर त्यांच्या छायेतून बाहेर पडूनच मुकेश आणि किशोरकुमार मोठे झाले. अनुकरण हा पूर्वजाला दिलेला मान आहे, पण तो वाटेतला मुक्काम असावा. जेथे तो कायमचा निवास होतो तेथे शोकाचे रूपांतर व्यवसायात झालेले असते, आणि 'प्यासा'तील सभागृह पुन्हा भरते.

दुसरी रीत तिथीची. वारकऱ्यांच्या परंपरेत कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी गाठणे आहे. सूफी परंपरेत पीराचा उरूस, म्हणजे त्याच्या मृत्यूचाच उत्सव आहे. ३१ जुलैला दिवसभर रफींची गीते लावणारे आकाशवाणीचे केंद्र आणि संध्याकाळी गल्लीत होणारा रफींच्या गाण्यांचा कार्यक्रम ही त्याच वळणाची लौकिक रूपे आहेत. २०२४ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हाही हे दिसून आले. तिथीचा गुण असा, की ती शोकाला मर्यादा घालते आणि पुन्हा जागेही करते.

तिसरी रीत स्थळाची. आणि येथेच रफींच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. जुहूच्या दफनभूमीत जागा अपुरी पडू लागल्याने नव्या दफनांसाठी जुन्या कबरींवरील बांधकाम काढण्यात आले. २०१० साली रफींची, तसेच मधुबाला आणि साहिर लुधियानवी ह्यांची कबर अशा रीतीने दिसेनाशी झाली. जमिनीचा तो तुकडा इतर मृतांनाही हवा होता, हे लक्षात घेता ह्याबद्दल कोणास दोष देणे कठीण आहे. परंतु चाहते येतच राहिले. २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला येणाऱ्या मंडळींनी जवळच्या एका नारळाच्या झाडाला खूण मानले. जो गायक आयुष्यभर दुसऱ्याच्या देहातून ऐकू आला, त्याच्या कबरीचीही खूण शेजारच्या झाडाने धरावी, ह्यात एक प्रकारची सुसंगती आहे.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक उदाहरण ह्या संदर्भात तुलनेस घेता येते, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. 'क्वीन' ह्या इंग्लिश वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच शाळूसोबत्यांच्या 'हेक्टिक्स' ह्या मेळ्यात प्रथम गायला-वाजवायला लागला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये एड्सच्या आजाराने मरण पावला. त्याचे दहन झाले आणि रक्षा कोठे ठेवली हे जाहीर करण्यात आले नाही. चाहते त्याच्या घराच्या भिंतीवर निरोप लिहीत राहिले. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडातील मोंत्रो येथे सरोवराकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. १९९५ साली सोबत्यांनी त्याच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांभोवती वाद्ये रचून एक संपूर्ण संग्रह प्रसिद्ध केला. म्हणजे तेथेही स्थळ हरवले, स्वर उरला, आणि मेलेल्याच्या स्वरातूनच त्याचा शोक व्यक्त झाला. भाषा, संगीत, जीवनपद्धती ह्यांत रफींशी त्याचे काहीही साम्य नसताना शोकाची आकृती मात्र एकच निघते. ती ध्वनिमुद्रणाच्या युगाची आकृती आहे, असे म्हणावयास म्हणूनच हरकत नाही.

६

आता कामतघरचा विचार. भिवंडीचा हा भाग वऱ्हाळा तलावाच्या काठचा. भोवताली यंत्रमागांचे कारखाने. मूळचे आगरी रहिवासी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी कारागीर अशी ह्या शहराची वस्ती. घरात बोलण्याच्या भाषा निराळ्या, देव निराळे, सणवार निराळे. बारा बारा तासांच्या पाळीत मागाच्या खडखडाटापुढे शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, मग गाणे कोठून? गाणे ऐकावयाचे ते पाळी सुटल्यावर, चहाच्या हॉटेलात किंवा सामायिक खोलीत.

अशा शहरात मृत्यूही विखुरलेला असतो. कामगाराचे आप्त दूरच्या गावी मरतात. पूर्वी तारेने आणि आता दूरध्वनीने वार्ता येते. ज्याची त्याला येते, आणि शेजारच्या मागावरच्या माणसाला ती कळतही नाही. गायकाचा मृत्यू ही त्या मानाने दुर्मिळ घटना. ती सर्वांच्या दारी एकाच वेळी पोहोचते. ज्यांना एकमेकांच्या घरातील मृतांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्यापाशी शोक करण्यास एक समान नाव येते. रफींच्या बाबतीत हे अधिकच खरे. 'बैजू बावरा' (१९५२) मधील हरिदर्शनाची तळमळ व्यक्त करणारे भजन शकील बदायुनी, नौशाद आणि रफी ह्या तीन मुसलमान कलावंतांनी सिद्ध केले. श्रीकांत ठाकरे ह्यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली रफींनी मराठी गीते गायिली. त्यांत 'शोधिसी मानवा'सारखे भक्तिगीत आहे, आणि पुष्पा पागधरे ह्यांच्यासह गायिलेले कोळी वळणाचे द्वंद्वगीतही आहे. ठाण्याच्या खाडीकाठच्या माणसाला आपल्या बोलीचे वळण रफींच्या तोंडी ऐकावयास मिळाले.

परंतु ह्यावरून सोपा निष्कर्ष काढू नये. भिवंडीत १९७०च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४च्या मे महिन्यात भीषण दंगली झाल्या. १९८० हे वर्ष त्या दोहोंच्या मधले आहे. एकच स्वर ऐकणाऱ्या आणि एकाच मृत्यूने हळहळलेल्या माणसांचे हात त्यामुळे थांबले, असे इतिहास सांगत नाही. समान शोक म्हणजे शेजारधर्म नव्हे. शोक हा भाव आहे, आणि शेजारधर्म ही रोजची कृती आहे. पहिल्यातून दुसरी आपोआप निपजत नाही. तरीही जे वाटले गेले नाही असे काहीतरी ह्या शहरात होते, ह्याची साक्ष हा शोक देतो. दंगलींची नोंद आयोगांच्या अहवालांत आणि वृत्तपत्रांत सापडते. ह्या दुसऱ्या गोष्टीची नोंद कोणी करून ठेवली आहे?

७

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश असा. चाहत्याचा शोक हा आप्ताच्या शोकाची फिकी नक्कल नाही. तो स्वतंत्र प्रकार आहे. त्यात मृताचाच स्वर शोकाचे साधन होतो. त्यामुळे जुन्या गीतांचे अर्थ पालटतात. आणि त्याला समाधीची गरज असली तरी तिच्यावाचून तो अडत नाही. त्याची हीन रूपे आहेत, त्यांचा निषेध 'प्यासा'ने पूर्वीच करून ठेवला आहे. त्याचे उत्तम रूप एकच : गेलेल्याला पुन्हा लक्षपूर्वक ऐकणे.

अभ्यासाच्या दृष्टीने एक काम मात्र तातडीचे आहे. १९८० साली विशीत असलेली माणसे आज पासष्टीच्या आसपास आहेत. ती वार्ता त्यांना कोठे कळली, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केले, कोणते गाणे लावले, कोणते लावण्याचे टाळले, कोणाशी बोलले, ह्याचे संकलन मराठी, उर्दू, तेलुगू अशा तिन्ही भाषांतून भिवंडीसारख्या शहरात सहज करता येण्याजोगे आहे. विलापिकेचा इतिहास लिहिताना आपण संस्कृत महाकाव्ये, संतांचे अभंग, उर्दू मर्सिये ह्यांचे दाखले घेतो. यंत्रमागावरच्या कामगाराची साक्ष त्या मालिकेत बसविण्यास शास्त्राची कोणतीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती काळाची. कामतघरच्या गल्ल्यांतून आमच्या विद्यार्थ्यांनी हे काम येत्या वर्षातच हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.